अंध सुताराचे कान

अमेरिकेंत घराच्या तळघरांत किंवा मोटार ठेवण्याच्या कोठींत छंद म्हणून सुतारकाम करण्याची चाल जुनी आहे. विजेची गोल करवत, राउटर, भोंकें पाडण्याचें यंत्र, एवढा सरंजाम तेथें सामान्य गृहस्थाच्या घरींही सांपडतो. या गृहस्थांपैकीं कांहीं पूर्ण अंध असतात, हें ऐकून डोळस माणसाच्या अंगावर कांटा येतो. वस्तुतः यांत चमत्कार नाहीं, शिक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं शिकागोजवळ हाइन्स येथील रुग्णालयांत १९४८ सालीं पुनर्वसनकेंद्र निघालें, तेव्हां तेथें काठीनें चालण्याच्या शिक्षणाबरोबर हस्तकौशल्याचेंही शिक्षण देण्यांत आलें. त्यांत लांकूडकाम होतें.

मापाची अडचण अशा सुतारास फारशी पडत नाहीं. त्याच्यासाठीं टिकटिकणारी पट्टी मिळते. तिची दांडी ओढली कीं प्रत्येक टिकटिकीस इंचाचा सोळावा भाग पुढें सरकते. लांकडाची कड, पात्याची उंची, कोन, हें सारें बोटें सांगतात. मात्र हें सर्व यंत्र बंद असेपर्यंत. बटण दाबलें कीं बोटांनीं पात्यापासून दूर राहावयाचें, आणि मग पाहण्याचें काम एकट्या कानावर येऊन पडतें.

कान पाहतो तरी काय? राउटरची मोटर मोकळी असतांना उंच स्वरांत गाते. लांकडाचा भार पडतांच तिची गति मंदावते आणि स्वर उतरतो. स्वर फार उतरला म्हणजे हात घाई करीत आहे, असें समजावें. मोठ्या टेबल-करवतीची मोटर निराळ्या जातीची असते. भाराखालीं तिची गति थोडीच कमी होते, म्हणून तेथें कान दात्यांच्या कापण्याच्या आवाजाकडे लावावा लागतो. पातें मिनिटाला ४००० फेरे घेत असेल आणि त्याला ४० दाते असतील, तर सेकंदाला सुमारें २७०० आघात होतात. फळी वांकडी जाऊन पात्यास चिकटूं लागली कीं हा आवाज बदलतो. सर्वांत महत्त्वाचा आवाज मात्र अगदीं हळू असतो. बटण बंद केल्यावरही पातें कांहीं सेकंद फिरत राहतें. डोळस मनुष्य तें पाहतो. अंध मनुष्यास तें केवळ एका बारीक सुस्काऱ्यावरून कळतें. तो सुस्कारा ऐकूं आला नाहीं आणि हात पुढें गेला, तर काय होईल हें सांगावयास नको.

आतां दुसरी बाजू. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य विषयक राष्ट्रीय संस्थेच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबलचा आवाज दिवसांत आठ तासांपेक्षां अधिक सोसूं नये, आणि पुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. या हिशेबानें १०० डेसिबलला पंधरा मिनिटें मिळतात, आणि करवतीचा आवाज १०० पर्यंत सहज जातो. अशा गोंगाटानें प्रथम सेकंदाला ३००० ते ६००० कंपनांच्या आसपासची श्रवणशक्ति जाते. डोळस माणसास हा ऱ्हास वर्षानुवर्षें जाणवत नाहीं. अंधाची गोष्ट वेगळी. काठीच्या टोकाचा टकटकाट भिंतीवरून कसा परततो, दार उघडें आहे कीं बंद, पाऊल कोणाचें, हें ओळखण्यास त्याला हेच उंच स्वर लागतात. त्याच्या बाबतींत बहिरेपण म्हणजे दुसऱ्यांदा आलेलें अंधत्व होय.

साधें कर्णकवच, म्हणजे इअरमफ, येथें अपुरें पडतें. तें उंच स्वर अधिक अडवितें, खालचे कमी. म्हणजे नेमकी उपयोगाची खूणच आधीं नाहींशी होते. मग माणूस कवच वारंवार उचलून ऐकतो. हें उचलणें किती महाग पडतें पाहा: ३० डेसिबल अडविणारें कवच निम्मा वेळच कानावर राहिलें, तर एकंदर लाभ उरतो तो केवळ ३ डेसिबलचा.

इलेक्ट्रॉनिक कवचाची योजना याच पेंचांतून वाट काढते. प्रत्येक वाटीच्या बाहेर मायक्रोफोन, आंत ध्वनिवर्धक आणि लहानसें लाउडस्पीकर. हळू आवाज वाढवून आंत सोडले जातात. मोठा आवाज बहुधा ८२ डेसिबलच्या आसपास रोखला जातो. कांहीं कवचें मोठा आवाज येतांच ध्वनिवर्धक बंदच करतात. बंदुकीच्या एका बारास हें चालतें, सतत घरघरणाऱ्या करवतीस नाहीं. कारण ऐन कापण्याच्या वेळीं कान मिटतो. अंध सुतारानें आवाज दाबून, पण अखंड देणारें कवच घ्यावें. त्यांत आवाजाचें लहानमोठेपण सपाट होतें खरें, तरी स्वराची उंची टिकते, आणि काम स्वरावरच चालतें.

दिशेचा प्रश्न मात्र पुरता सुटत नाहीं. डावें-उजवें ओळखण्यास दोन्ही कानांतील आवाजाचा सूक्ष्म कालभेद व बळाचा भेद पुरतो; म्हणून दोन वाट्यांना दोन स्वतंत्र मायक्रोफोन हवेतच. पुढचें-मागचें कळतें तें कानाच्या पाळीच्या घडणीमुळें, आणि पाळी तर वाटीखालीं झांकलेली. तेव्हां पाठीमागून मूल आलें तर कोणी आल्याचें कळेल, कोठून आलें याविषयीं फसगत होऊं शकेल. कोठीचें दार आंतून लावून घेणें हा उपाय कोणत्याही यंत्रापेक्षां स्वस्त आहे.

शिवाय विजेनें कवचाचें बळ वाढत नाहीं. अडविण्याचें काम वाटीचेंच. खोक्यावर छापलेल्या २३ या अंकांतून चौथाई वजा करावी, नेहमीच्या मापकानें आवाज मोजला असल्यास आणखी ७ वजा करावे, असा त्याच संस्थेचा १९९८ चा हिशेब होता. उरतात सुमारें १०. म्हणजे १०० चे ९० झाले, आणि पंधरा मिनिटांचे अडीच तास. चष्म्याच्या काड्या गादीखालीं शिरल्या तर तेंही कमी. (दृष्टि नाहीं म्हणून संरक्षक चष्मा नको, असें समजणारे लोक आहेत, ढलपीला त्याची कल्पना नसते.) दीर्घ कामाच्या वेळीं कानांत फोमचे बोळे घालून वर कवच चढवावें आणि आवाज वाढवावा.

खरेदी करतांना फिरवण्याची कळ असलेलें कवच निवडावें. ती टिक् करून चालू होते आणि आवाज कोठवर आहे हें बोटास कळतें. एकसारखीं बटणें आणि लुकलुकणारा दिवा अंधाच्या काय कामाचा? बॅटरी संपली कीं हें कवच साधें कवच होतें. म्हणून प्रत्येक वेळीं करवत लावण्यापूर्वीं कवच घालून कानाजवळ बोटांवर बोटें घासून पाहावींत. तो बारीक आवाज ऐकूं आला, तरच यंत्राचें बटण दाबावें.