महागडा रिसीव्हर घ्यावा का?

सुट्टीत घरी गेलो, तर बाबा होम थिएटरच्या रिसीव्हरची दोन माहितीपत्रके घेऊन बसलेले. एक ५० वॅटचा, दुसरा १०० वॅटचा आणि दुप्पट किमतीचा. "आजीला सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत. तू फिजिक्स शिकतोस ना, सांग कोणता घेऊ?"

रिसीव्हर तीन कामे करतो: आलेला डिजिटल ध्वनी उलगडतो, योग्य स्पीकरकडे वाटतो आणि त्याची शक्ती वाढवतो. ५.१ म्हणजे पाच स्पीकर व एक सबवूफर.

वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते! शिवाय जाहिरातीतले वॅट बहुधा दोनच स्पीकर चालवून मोजलेले असतात.

मोठा हॉल किंवा नऊ-अकरा स्पीकर असतील, तर महागडा रिसीव्हर जरूर घ्यावा. आमची खोली मात्र छोटी. आणि संवाद येतात मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून. म्हणून स्वस्त रिसीव्हर घेतला, वाचलेल्या पैशांत चांगला सेंटर स्पीकर आणला आणि त्याची पातळी थोडी वाढवली.

परवा फोनवर आजी म्हणाली, "आता कोण काय बोललं ते कुणाला विचारावं लागत नाही."