यीस्टच्या पेशीतील आत्मभक्षण आणि त्याचे नियमन

सजीव पेशी प्रसंगी आपल्याच अंगातील द्रव्य मोडून त्यावर गुजराण करते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९६३ साली या क्रियेस ऑटोफॅजी हे नाव दिले. प्रस्तुत लेखात तीस आपण आत्मभक्षण म्हणू. नाव मिळाले, तरी ही क्रिया घडवून आणणारी प्रथिने कोणती, याचा उलगडा पुढे सुमारे तीस वर्षे झाला नाही. तो झाला तो पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये. परंतु या प्रथिनांच्या ओळखीहूनही अधिक कुतूहलाचा प्रश्न त्यांच्या नियमनाचा आहे. स्वतःस खाण्याची साधने जी पेशी सदैव जवळ बाळगते, ती सुकाळात स्वतःस खाऊन का टाकीत नाही?

यीस्टची पेशी जेमतेम पाच मायक्रॉन व्यासाची असते. तथापि तिच्यातील रिक्तिका साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही दिसते. या रिक्तिकेत प्रथिने पचविणारी एंझाइमे असतात व आत आलेली वस्तू ती तत्काळ विरघळवून टाकतात. त्यामुळे आत काय आले, हे पाहण्यास अवसरच मिळत नाही. टोकियो विद्यापीठातील योशिनोरी ओसुमी यांनी ही अडचण मोठ्या कल्पकतेने दूर केली. ज्यांची ही पाचक एंझाइमे निकामी झालेली होती असे यीस्ट त्यांनी मुद्दाम निवडले आणि त्यास नायट्रोजनविरहित माध्यमात ठेवले. तासाभरात रिक्तिकेत थरथरणारे लहान गोलक दिसू लागले. तीन तासांत ती त्यांनी जवळजवळ भरून गेली. हे निरीक्षण १९९२ साली प्रसिद्ध झाले. बिघडलेल्या यंत्रावरून चालत्या यंत्राची घडण ओळखण्याची ही युक्ती प्रस्तुत लेखकास पुढील काळातील कित्येक महागड्या उपकरणांहून अधिक मोलाची वाटते. १९९३ साली ओसुमी व त्सुकादा यांनी, ज्यांत असे गोलक जमत नाहीत, असे १५ प्रकारचे उत्परिवर्तित यीस्ट वेगळे काढले. अन्न भरपूर असता हे उत्परिवर्तित यीस्ट निरोगी दिसते. नायट्रोजन तोडला की मात्र थोड्याच दिवसांत मरू लागते. या शोधमालिकेबद्दल ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संबंधित जनुकांस २००३ पासून एटीजी हे एकच नाव क्रमांकासह दिले जाते.

आता नियमनाकडे वळू. ईस्टर बेटावरील मातीतल्या एका जीवाणूपासून रॅपामायसिन हे द्रव्य मिळाले. ते ज्यावर आघात करते ते प्रथिन १९९१ साली यीस्टमध्येच सापडले. त्याचे नाव टॉर, म्हणजे रॅपामायसिनचे लक्ष्य. अन्न मुबलक असता टॉरचा एक संघ एटीजी१३ या प्रथिनास अनेक फॉस्फेट गट जोडीत राहतो. असे फॉस्फेटांनी लादलेले एटीजी१३ आपल्या जोडीदारांस नीट बिलगू शकत नाही. नायट्रोजन संपला की टॉर निष्क्रिय होतो, फॉस्फेट काही मिनिटांत गळून पडतात आणि एटीजी१, १३, १७, २९ व ३१ ही पाच प्रथिने रिक्तिकेलगत एकत्र येतात. म्हणजे उपासमार येथे नवी आज्ञा देत नसून घातलेली बंदी उठविते! यास दोन पुरावे आहेत. भरपूर अन्नातही रॅपामायसिन दिल्यास आत्मभक्षण सुरू होते. तसेच कामादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली असे दाखविले, की एटीजी१३ मधील आठ सेरीन बदलून तेथे फॉस्फेट जोडणे अशक्य केले, तर उपाशी न राहताही पेशी स्वतःस खाऊ लागते. पहिला पुरावा औषधाच्या इतर परिणामांमुळे संदिग्ध राहतो. दुसरा अधिक निर्णायक होय.

पुढील बांधकाम थोडक्यात असे: एटीजी९ धारण करणाऱ्या सूक्ष्म पुटिकांपासून पटलाचा आरंभ होतो, एटीजी२ त्यास स्निग्ध द्रव्य पोहोचविते आणि पेल्याच्या आकाराचे हे दुहेरी पटल पेशीद्रव्याचा घास घेऊन मिटते. त्यातील एटीजी८ कडे मात्र विशेष लक्ष दिले पाहिजे. बहुतेक प्रथिने इतर प्रथिनांशी जोडली जातात. हे फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन या स्निग्ध द्रव्याशी सांधले जाऊन पटलात रुतून बसते. त्याचे प्रमाण कमी केल्यास गोलक लहान होतात. सुकाळात त्याचे जनुक यूएमई६ या प्रथिनाने दाबून ठेवलेले असते, येथेही बंदीच.

सांधण्यापूर्वी एटीजी८ चे टोक एटीजी४ हे एंझाइम छाटते, आणि काम संपल्यावर तेच एंझाइम त्यास पटलापासून पुन्हा सोडविते. एकच कात्री दोन्ही वेळा चालते, तर अर्ध्या बांधलेल्या पटलावर ती का चालू नये, हा प्रश्न साहजिक आहे. २०१७ साली त्याचे उत्तर मिळाले: जेथे बांधकाम चालू असते तेथे एटीजी१ स्वतःच एटीजी४ ला फॉस्फेट जोडून त्यास थोपवून धरते.