आपली टीम, आपलं टेन्शन!

मँचेस्टर, माद्रिद, मुंबई, चेन्नई... फॅन व्हायला टीम्स ढीगभर आहेत. पण अमरावती-अकोल्याच्या माणसाची खरी टीम एकच. नव्या सीझनच्या तोंडावर विदर्भाच्या एका कट्टर फॅनचा हा लेखाजोखा...

सोमवारची सकाळ. पुण्यातल्या ऑफिसचं कँटीन. हातात चहा आणि विषय अर्थातच वीकएंडची मॅच. एक लिव्हरपूलवाला, दोन मँचेस्टर युनायटेडवाले, एक बार्सिलोनावाली. आयपीएलचे पिवळे आणि निळे वेगळेच. सगळ्यांचं सांगून झालं की प्रश्न तुमच्याकडे वळतो. ‘तू कुणाची फॅन?’

‘विदर्भ.’

दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी अगदी निरागसपणे विचारतं, ‘ही आयपीएलमध्ये आहे?’

नाही हो, आयपीएलमध्ये नाही. आमच्या टीमचा जर्सी मॉलमध्ये मिळत नाही. तिच्या मॅचला चिअरलीडर्स नसतात, स्टँडमध्ये बहुतेक वेळा माणसंही नसतात. मॅच चार दिवस चालते आणि त्यातले तीन वर्किंग डेज असतात! तरीही ऑक्टोबर जवळ आला की पोटात गोळा येतो. फुटबॉलवाल्यांना ऑगस्टमध्ये येतो ना, अगदी तस्साच.

पाच हजाराला एक!

फुटबॉलवाल्या मित्रांना विदर्भ समजावून सांगायचा माझा एक ठरलेला फंडा आहे. २०१६ मध्ये लेस्टर सिटीनं इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली, आठवतं? सीझनच्या सुरुवातीला बुकींनी त्यांना पाच हजाराला एक असा भाव दिला होता. सगळं जग वेडं झालं होतं.

आमचं लेस्टर त्यानंतर दोन वर्षांच्या आत आलं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं आम्ही म्हणजे इतरांच्या पॉइंट्सची सोय! आणि मग १ जानेवारी २०१८. अख्खं जग थर्टी फर्स्टचा हँगओव्हर उतरवत असताना इंदूरला फैझ फझलच्या पोरांनी दिल्लीला ९ विकेट्सनी हरवलं. कोच चंद्रकांत पंडित, फायनलमध्ये हॅट्ट्रिक रजनीश गुरबानीची. आणि वऱ्हाडासाठी खास गोष्ट म्हणजे अकोल्याचा आदित्य ठाकरे. १९ वर्षांच्या या पोरानं फर्स्ट क्लास डेब्यूच केला तो थेट रणजी फायनलमध्ये!

लोक म्हणाले, लागला मटका. पुढच्याच सीझनला, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपुरात सौराष्ट्राला हरवून आम्ही पुन्हा चॅम्पियन. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून हरलो, पण ५३८ चा पाठलाग करताना कॅप्टन अक्षय वाडकरनं शंभर ठोकले आणि टीमनं ३६८ पर्यंत मजल मारली. मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्धची फायनल ड्रॉ झाली आणि पहिल्या इनिंगच्या ३७ रनांच्या लीडवर तिसरी ट्रॉफी घरी आली. त्या सीझनमध्ये हर्ष दुबेनं ६९ विकेट्स काढल्या. एका रणजी सीझनमध्ये तोवर इतक्या कुणीच काढल्या नव्हत्या.

चार फायनल, तीन ट्रॉफ्या. आता बोला!

अमरावती व्हर्सेस अकोला

खरी मॅच मात्र आमच्या घरात चालते. मी अमरावतीची, मामा अकोल्याचा. अमरावतीकरांचा हिरो जितेश शर्मा. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध त्यानं ३३ बॉल्समध्ये नाबाद ८५ ठोकून बंगळुरूला २२८ चं टार्गेट गाठून दिलं, तेव्हा मी मामाला रात्री साडेअकरा वाजता फोन करून झोपेतून उठवलं होतं. आठवडाभरात बंगळुरूनं आयपीएल जिंकली. आमच्या शहराचं नाव टीव्हीवर एरवी उन्हाचा पारा सांगतानाच येतं. त्या आठवड्यात ते क्रिकेटसाठी आलं.

त्याच उन्हाळ्यानंतर बातमी आली. जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडे!

मामाचा फोन लगेच. ‘काहून वं पोरी, गेला ना तुमचा जितेश बडोद्याले? आमचा अथर्व पाय, इथंच आहे!’

अथर्व म्हणजे अकोल्याचा अथर्व तायडे. डावखुरा ओपनर. मामानं त्याला अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर लहानपणापासून पाहिलंय, असा मामाचा दावा आहे. खरं सांगते, त्या दिवशी मला रडू आलं नाही, पण जेवणही गेलं नाही. ब्रेकअपसारखंच असतं ते. आपण कुणाला काही बोलू शकत नाही, कारण समोरच्यानं आपल्याला कधी वचनच दिलेलं नसतं.

गेला तो परका?

राग ओसरल्यावर जरा डोकं चालवलं. फुटबॉलसारखं डोमेस्टिक क्रिकेटमध्ये ट्रान्सफर मार्केट नसतं. खेळाडू आपल्या असोसिएशनकडून ‘एनओसी’ घेतो आणि दुसऱ्या राज्याकडे जातो, एवढंच. विदर्भाच्या रणजी टीममध्ये विकेटकीपरची जागा एक आणि तिथं कॅप्टन वाडकर स्वतः उभा. तुमच्या ऑफिसात टीम लीडरची एकच पोस्ट असेल आणि त्यावर तुमच्याच वयाचा, चांगलं काम करणारा माणूस बसला असेल, तर तुम्ही काय करता? सीव्ही अपडेट करता. आपण सगळेच करतो. अमरावतीहून पुण्याला मी तरी कशासाठी आले?

शिवाय आमचे हातही काही फार स्वच्छ नाहीत. वासिम जाफर मुंबईचा. विदर्भाकडून २०१८-१९ मध्ये त्यानं हजारावर रन केले, तेव्हा तो आमचाच होता. गणेश सतीश कर्नाटकचा. करुण नायरही तिथलाच. तो आमच्याकडे आला, दोन सीझन खोऱ्यानं रन काढले, केरळविरुद्धच्या फायनलमध्ये ८६ आणि १३५ केले, आठ वर्षांनी इंडियाच्या टेस्ट टीममध्ये परतला आणि मग पुन्हा कर्नाटकात गेला. ध्रुव शोरी दिल्लीहून आलेला. दुसऱ्यांची पोरं आली की ‘प्रोफेशनल’ आणि आपलं गेलं की ‘गद्दार’, हे काही बरोबर नाही, बॉस!

ग्लास अर्धा भरलेला

मग २०२५-२६ चा सीझन कसा गेला? सांगायचं तर धड गोड नाही, धड कडू नाही.

सुरुवात सॉलिड. ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्याला इराणी कपमध्ये रेस्ट ऑफ इंडियाला ९३ रनांनी धुतलं. पहिल्या इनिंगमध्ये १४३ कुणाचे? अथर्व तायडेचे. मामाचा फोन आला, हे सांगायला नकोच.

मग विजय हजारे ट्रॉफी. जानेवारी २०२५ च्या हजारे फायनलमध्ये कर्नाटकनं आम्हाला हरवलं होतं. वर्षभरानं सेमीफायनलला तोच कर्नाटक समोर. यावेळी अमन मोखाडेनं शंभर ठोकले, दर्शन नळकांडेनं पाच विकेट्स काढल्या आणि हिशेब चुकता! १८ जानेवारी २०२६, रविवार. फायनलला सौराष्ट्र. विदर्भ ३१७, सौराष्ट्र २७९. पहिल्यांदाच हजारे ट्रॉफी विदर्भाकडे. फायनलमध्ये १२८ पुन्हा अथर्वचे, चार विकेट्स यश ठाकूरच्या. मोखाडेचे अख्ख्या स्पर्धेत ८१४ रन.

त्या दिवशी पहिला फोन मी केला. मामा काही बोललाच नाही. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. ‘सर्दी झाली वं,’ म्हणाला.

आणि कडू भाग? रणजी. डिफेंडिंग चॅम्पियन असून आम्ही क्वार्टर फायनललाही पोचलो नाही. ट्रॉफी पहिल्यांदाच जम्मू-काश्मीरकडे गेली. साठ वर्षं मार खाल्लेल्या टीमचे फॅन म्हणून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण थोडासाच.

नव्या सीझनची पत्रिका

तर आता पुढे काय? ज्योतिषी नाही, पण फॅन म्हणून मनातलं सांगते.

पहिली गोष्ट, गणित. एलिट ग्रुपमध्ये लीगच्या सातच मॅचेस मिळतात आणि ग्रुपमधून वर जातात फक्त दोन टीम्स. सरळ विजयाला ६ पॉइंट्स, इनिंगनं किंवा दहा विकेट्सनी जिंकलात तर ७, ड्रॉ करून लीड घेतली तर ३, लीड गमावली तर १. म्हणजे एक खराब सेशन आणि दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. लीडवर समाधान मानणारी टीम फसते. आम्हाला जिंकायला जावं लागेल.

दुसरी गोष्ट, बॅटिंग. करुण गेला ती पोकळी वन-डेमध्ये मोखाडेनं भरली. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये ती यश राठोड आणि दानिश मालेवारला भरायची आहे. २०२४-२५ मध्ये राठोडनं ९६० रन केले होते आणि दानिशनं फायनलमध्ये १५३. दम आहे. सातत्य हवं.

तिसरी गोष्ट, हर्ष दुबे. तो जितका चांगला खेळेल तितका आमच्यापासून लांब जाणार. इंडिया ए, आयपीएल, उद्या कदाचित त्याहून वर. त्याचं भलं व्हावं असं वाटतं आणि रणजीच्या वेळी तो इथंच असावा असंही वाटतं. आईला मुलाच्या अमेरिकेच्या व्हिसाबद्दल जे वाटतं, ते हेच असणार.

आणि चौथी, माझी खासगी मागणी. वऱ्हाडची आणखी दोन-तीन पोरं टीममध्ये दिसू देत. अमरावतीची एक तरी! मामाला गप्प करायला मला दुसरा उपाय नाही.

नागपूर दूर आहे

बाहेरच्यांना वाटतं, विदर्भ म्हणजे नागपूर. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशेच्या आसपास. ‘होम मॅच’ बघायची तर पहाटेची गाडी पकडायची, आणि जामठ्याचं स्टेडियम नागपूरच्याही बाहेर, वर्धा रोडवर. स्वातंत्र्याआधी रणजीमध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ नावाची टीम खेळायची. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड! निदान नावात तरी होतो. आता नावातही नाही आणि फिक्स्चर लिस्टमध्येही नाही. पण टीममध्ये आहोत, आणि हे पोरांनी बॅट-बॉलनं मिळवलंय. कुणी कोटा दिला नाही.

म्हणून यंदा मी आणि मामानं ठरवलंय. पहिली होम मॅच चुकवायची नाही. तो अकोल्याहून गाडीत बसणार, मी बडनेऱ्याला चढणार. डब्यात आईची पोळी-भाजी आणि सोबत गिला वडा. बॉसला काय सांगायचं ते अजून ठरायचंय.

मामानं परवा फोनवर हळूच विचारलं, ‘अन् बडोद्याशी मॅच पडली तर? जितेश बॅटिंगले आला तर काय करशीन?’

खूप विचार केला. मग सांगितलं. त्यानं सिक्स मारला तर मी टाळी वाजवीन. अमरावतीची आहे, हात आपोआपच वर जातील.

आणि तो आऊट झाला, तर त्याहून जोरात वाजवीन!

ऑफिसात बसून विदर्भ फॉलो करायचाय?

• रणजीच्या सगळ्या मॅचेस टीव्हीवर दिसत नाहीत. पण बीसीसीआयच्या वेबसाइटवर बॉल बाय बॉल स्कोअर असतो. एक्सेल शीटच्या मागे विंडो छान लपते!

• गेले दोन सीझन रणजी दोन टप्प्यांत झाली. दिवाळीच्या आगेमागे एक, नव्या वर्षात दुसरा. मधल्या काळात वन-डे आणि टी-ट्वेन्टी. सुट्ट्यांचं प्लॅनिंग त्याप्रमाणे करा.

• रणजीच्या मॅचला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. नागपूरला कामासाठी गेलात तर अर्धा दिवस काढा. हवी ती सीट मिळेल, ही गॅरंटी!