मर्यादक अभिक्रियाकारक

रासायनिक अभिक्रियेत जो अभिक्रियाकारक सर्वप्रथम संपतो आणि ज्याच्या संपण्याने अभिक्रिया थांबते, त्यास मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात. उत्पादित पदार्थ जास्तीत जास्त किती मिळेल, हे त्यावरूनच ठरते. वजनाने जो सर्वांत कमी तोच मर्यादक, हा समज विद्यार्थ्यांत फार रुजलेला असला तरी चुकीचा आहे. एका पानाला दोन द्रोण लागत असतील, तर दहा पत्रावळी व चौदा द्रोण यांत पंगत सातांचीच बसते. संख्येने अधिक असूनही द्रोणच अपुरे पडतात.

युरियाचे उदाहरण

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स (स्थापना १९७८) या सार्वजनिक कंपनीच्या कारखान्यात युरिया तयार होतो. अमोनियाचे दोन मोल आणि कार्बन डायऑक्साइडचा एक मोल यांपासून युरिया व पाणी यांचा प्रत्येकी एक मोल मिळतो. त्यांची रेणुवस्तुमाने अनुक्रमे १७, ४४, ६० व १८ आहेत.

समजा, ८५ किलो अमोनिया व ८८ किलो कार्बन डायऑक्साइड घेतला. वजनाने अमोनिया कमी दिसतो. परंतु रेणुवस्तुमानाने भागल्यास अमोनिया ५ किलोमोल व कार्बन डायऑक्साइड २ किलोमोल भरतो. या संख्यांना समीकरणातील सहगुणकांनी भागल्यावर २.५ व २ येतात. लहान भागाकार ज्याचा तो मर्यादक. म्हणजे येथे कार्बन डायऑक्साइड. म्हणून युरिया २ किलोमोल, अर्थात १२० किलो मिळेल. पाणी ३६ किलो होईल आणि १७ किलो अमोनिया उरेल. दोन्ही बाजूंची बेरीज १७३ किलो येते. हा ताळा पाहण्याची सवय ठेवावी.

उत्पादनाची टक्केवारी

वरील १२० किलो हे सैद्धान्तिक उत्पादन होय. प्रत्यक्षात ७२ किलोच मिळाले, तर उत्पादन ६० टक्के झाले. साखर कारखान्यांतील ‘उतारा’ मात्र निराळा. तो गाळलेल्या उसाच्या वजनाशी काढतात, सैद्धान्तिक उत्पादनाशी नव्हे.

युरियाच्या अभिक्रियेत प्रथम अमोनियम कार्बामेट झपाट्याने बनते, पण त्याचे युरियात रूपांतर सावकाश व अपुरे होते. त्यामुळे एका फेरीत सर्व कार्बन डायऑक्साइड वापरला जात नाही. उरलेले वायू वेगळे करून पुन्हा अभिक्रियापात्रात सोडतात. अमोनिया मुद्दाम गरजेपेक्षा अधिक ठेवतात. त्याने कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर वाढते, तसेच पिकांना अपायकारक असलेले बाययुरेट कमी बनते. भारतातील खत नियंत्रण आदेशानुसार युरियात बाययुरेट १.५ टक्क्यांहून अधिक चालत नाही.