त्या पाच चेंडूंचा हिशेब

आसनगाव लोकलमध्ये किंवा मुरबाडच्या एसटी स्टँडवर सचिनचा विषय काढून बघा. भातकापणी झाली की खाचरात पिच करून टेनिस बॉलने खेळणारा कुणीतरी म्हणणारच, "मोठ्या मॅचला तो खेळायचा नाही!" पुरावा ठरलेला: २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. म्हणून स्कोअरकार्ड उघडाच. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९, पाँटिंग नाबाद १४०. एवढ्या धावांचा पाठलाग करताना सचिनने मॅकग्राला चौकार मारला, लगेच पुन्हा पुल करायला गेला आणि चेंडू सरळ वर. झेल मॅकग्रानेच घेतला. पाच चेंडू, चार धावा. आपण १२५ धावांनी हरलो.

आता मला सांगा, त्या ३५९ धावा काय सचिनने दिल्या होत्या? त्याच स्पर्धेत त्याने ६७३ धावा काढल्या होत्या. सेंच्युरियनला पाकिस्तानची धुलाई करत ९८ केल्या, त्या वेगळ्या सांगायला नकोत. तो नसता तर फायनलपर्यंत पोचलो असतो का, मला शंकाच आहे.

आणि २०११? वानखेडेवर तो १८ वर बाद झाला. गंभीरचे ९७ आणि धोनीचे नाबाद ९१ होते, म्हणून त्या १८ बद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. २००३ ला सेहवागचे ८२ होते, पण ते पुरले नाहीत.

तेव्हा कट्ट्यावर पुन्हा कुणी जोहान्सबर्ग काढलं, तर आधी त्याला विचारा, झहीरची पहिली ओव्हर आठवते का? पंधरा धावा गेल्या होत्या.