आजारी कुत्र्याला रेबीजच्या लसीतून सूट मिळते का? पुण्यातल्या पालकांसाठी नियम, धोके आणि पर्याय

कुत्र्याच्या परवान्याचे नूतनीकरण जवळ आले आहे, सोसायटीने लसीकरणाचा दाखला मागितला आहे आणि कुत्रा मात्र आजारी आहे. वय बारा-तेरा वर्षे, मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू. किंवा मागच्या वेळी लस दिल्यावर तोंड सुजले होते, धाप लागली होती. अशा वेळी पुण्यातल्या अनेक घरांत एकच प्रश्न असतो. यंदा लस टाळली तर चालेल का? पशुवैद्याने तसे लिहून दिले तर ते पुरेसे आहे का?

थोडक्यात सांगायचे तर, लस पुढे ढकलण्याला वैद्यकीय कारण असू शकते आणि तो निर्णय पशुवैद्याचा असतो. पण त्या पत्राला कायद्यातली सूट समजू नये. आणि कागदावर सूट मिळाली तरी कुत्र्याला विषाणूपासून संरक्षण मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम १० मार्च २०२३ रोजी लागू झाले. त्यांनी २००१ च्या जुन्या नियमांची जागा घेतली. बातम्यांत हे नियम भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी गाजले, पण त्यांत पाळीव प्राण्यांविषयीही एक कलम आहे. पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन आणि लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, असे ते स्पष्ट सांगते.

दुसरा टप्पा महापालिकेचा. पुणे महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. अर्जासोबत रेबीज लसीकरणाचा दाखला जोडावा लागतो. मांजरांचीही नोंदणी करण्याचा निर्णय महापालिकेने २०२२ मध्ये घेतला.

तिसरा टप्पा फौजदारी कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेत हाच दंड एक हजार रुपयांपर्यंत होता.

२०२३ च्या नियमांत आजारी प्राण्याला लसीतून वगळण्याची वेगळी तरतूद नाही. म्हणजे पशुवैद्याचे पत्र हा लस का दिली नाही याचा पुरावा आहे. मालकाने बेफिकिरी केली नाही हे त्यातून दिसते आणि म्हणून ते मोलाचे आहे. मात्र कुत्रा कुणाला चावला तर त्या पत्रामुळे जबाबदारी टळत नाही.

जिथे सूट मिळते तिथे काय अटी असतात?

अमेरिकेत रेबीज लसीकरणाचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत आणि अनेक राज्यांत वैद्यकीय सूट आहे. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये असा कायदा केला. तो 'मॉलीज बिल' या नावाने ओळखला जातो. त्याच्या अटी वाचल्या की सूट ही किती तोलूनमापून द्यायची गोष्ट आहे ते कळते.

लसीमुळे कुत्र्याच्या जिवाला धोका आहे, असे पशुवैद्याने दरवर्षी लिहून द्यावे लागते आणि स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. सूट मिळालेल्या कुत्र्याला घराच्या आवारातच ठेवण्याचा आदेश अधिकारी देऊ शकतो. बाहेर नेताना सहा फुटांपेक्षा लांब नसलेला पट्टा आणि तो धरणारी प्रौढ व्यक्ती हवी. लस न घेतलेल्या कुत्र्या-मांजरांशी त्याचा संपर्क येऊ द्यायचा नाही. आणि कायद्याच्या नजरेत हा कुत्रा 'लस न घेतलेला'च राहतो.

ज्या गल्लीत प्रत्येक कोपऱ्यावर मोकळी कुत्री आहेत, तिथे यातली शेवटची संपर्काची अट पाळणे किती अवघड आहे, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

लस खरोखर कोणाला धोक्याची ठरू शकते?

प्राण्यांना दिली जाणारी नेहमीची रेबीज लस मृत विषाणूपासून बनवलेली असते. त्यामुळे लसीमुळेच रेबीज होण्याची भीती नसते. पण शरीराची प्रतिक्रिया तीव्र असू शकते. पशुवैद्य साधारणपणे या परिस्थितींत थांबण्याचा किंवा फेरविचाराचा सल्ला देतात:

• मागच्या लसीनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, म्हणजे चेहरा सुजणे, सतत उलट्या, धाप लागणे किंवा कोसळणे.
• शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला करते, असा आजार असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल.
• केमोथेरपी किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असतील. यात लस घातक ठरण्यापेक्षा ती नीट लागू न पडण्याची शक्यता जास्त असते.
• ताप, गोचिडांमुळे होणारा ताप, पार्व्हो, जुलाब असा तात्पुरता आजार असेल.

यातल्या शेवटच्या गटाला सूट लागतच नाही. त्यांना बरे होईपर्यंत थोडी मुदत लागते. म्हातारपण हे एकटे कारण पुरेसे नाही. स्थिर असलेला हृदयविकार किंवा औषधाने आटोक्यात असलेला मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर अनेकदा तपासणी करून लस देता येते.

धोका किती, याचा अंदाज अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासावरून येतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. सर्व प्रकारच्या लसी धरून, तीन दिवसांच्या आत दर दहा हजार कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांना काही ना काही त्रास झाला. लहान चणीच्या कुत्र्यांत आणि एकाच भेटीत अनेक लसी दिल्यावर हे प्रमाण वाढत होते. म्हणून पग, शित्झू किंवा पॉमेरेनियन घरी असेल, तर रेबीजची लस आणि बाकीच्या लसी वेगवेगळ्या दिवशी द्याव्यात का, हे पशुवैद्याला जरूर विचारावे.

'आमचा कुत्रा घरातच असतो', मग लस कशाला?

हा युक्तिवाद सोसायट्यांत नेहमी ऐकू येतो. घरातल्या कुत्र्याचा धोका कमी असतो हे खरे. पण त्याला दिवसातून दोनदा खाली न्यावेच लागते, दवाखान्यात न्यावे लागते, कधी दार उघडे राहते. मांजर तर खिडकीतूनही निसटते.

दुसऱ्या बाजूला रेबीज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार माणसात आणि प्राण्यात जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत संसर्ग कुत्र्यामार्फत येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी १५ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणावरून देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश आणि ५,७२६ रेबीज मृत्यू होत असल्याचा अंदाज बांधला. प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाने लसीचा एकही डोस घेतला नव्हता.

लस टाळल्याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. लस घेतलेल्या कुत्र्याला संशयित कुत्रा चावला, तर लगेच बूस्टर देऊन त्याच्यावर लक्ष ठेवले जाते. लस न घेतलेल्या कुत्र्याला मात्र आपल्याकडे साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी अशी पाच इंजेक्शने द्यावी लागतात. म्हणजे ज्या आजारी कुत्र्याला एक सुई नको म्हणून लस टाळली, त्याच्यावरच महिन्याभरात पाच सुयांची वेळ येते. शिवाय घरातल्या माणसांनाही लस घ्यावी लागू शकते ते वेगळेच.

रक्त तपासून लस टाळता येते का?

रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण मोजणाऱ्या तपासणीला टायटर चाचणी म्हणतात. दर मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त प्रमाण आढळले, तर लस लागू पडली असे मानतात. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा असेल तर ही चाचणी बंधनकारक आहे. परदेशी बदली झालेल्या पुण्यातल्या कुटुंबांना ती ठाऊक असते. पण तिथेही ती लसीच्या जोडीला मागितली जाते. ज्या कुत्र्याची लस वैद्यकीय कारणाने थांबवली आहे, त्याच्याबाबत ही चाचणी पशुवैद्याला निर्णय घ्यायला मदत करते. परवान्यासाठी लागणाऱ्या लसीकरणाच्या दाखल्याची जागा मात्र ती घेत नाही.

मग मालकाने काय करावे?

१. आधी पूर्ण तपासणी करून घ्यावी. पूर्वी त्रास झाला असेल तर लसीचे नाव, तारीख, किती वेळाने काय झाले, हे सगळे लिहून न्यावे. फोटो किंवा व्हिडिओ असेल तर उत्तम.

२. सूट मागण्याआधी मधले मार्ग विचारावेत. दुसऱ्या कंपनीची लस देता येईल का? त्या दिवशी फक्त रेबीजचीच लस देता येईल का? आधी ॲलर्जीरोधक औषध देऊन, नंतर तासभर दवाखान्यातच थांबता येईल का? काही लसी तीन वर्षांसाठी मान्यताप्राप्त आहेत. त्या आपल्या प्राण्याला चालतील का आणि परवान्यासाठी कोणता दाखला लागेल, हेही विचारून घ्यावे.

३. लस पुढे ढकलायचीच असेल तर नोंदणीकृत पशुवैद्याकडून लेखी घ्यावे. निदान, कारण आणि फेरतपासणीची तारीख त्यात हवी. 'लस देऊ नये' एवढ्या एका ओळीचा उपयोग होत नाही. हे पत्र घेऊन परवान्याबाबत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला विचारावे. खोटा दाखला कधीही घेऊ नये. कुत्रा चावला तर डॉक्टर त्याच दाखल्यावर विसंबून निर्णय घेण्याची शक्यता असते.

४. लस होईपर्यंत कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवावा, मोकळ्या कुत्र्यांपासून दूर न्यावा आणि घरी येणाऱ्यांना व सांभाळणाऱ्यांना लस झालेली नाही हे सांगावे.

५. कुत्रा कुणाला चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. कुत्र्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवतात, पण माणसाची लस त्यासाठी थांबवायची नसते. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. हल्लीची लस दंडात देतात आणि खोल जखमेत त्यासोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते.

सोसायटीने काय करावे?

गावातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्यात याचा अनुभव आला. तिथल्या मोहिमेत वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस दिली गेली. कुत्र्यांमधल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे रेबीज मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाला. भारताने कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

उरलेल्या ३० टक्क्यांत ज्यांना खरोखर लस चालत नाही, असे आजारी कुत्रेही येतात. त्यांना वाचवते ती आजूबाजूच्या धडधाकट कुत्र्यांना मिळालेली लस. म्हणून सोसायटीत एखाद्या आजारी कुत्र्याची लस थांबली असेल, तर त्याच्या मालकाशी भांडण्यापेक्षा बाकीच्या सगळ्या कुत्र्या-मांजरांचे दाखले पूर्ण आहेत का ते पाहावे आणि फाटकाबाहेरच्या कुत्र्यांच्या लसीकरणासाठी महापालिकेकडे मागणी करावी. ज्याचा कुत्रा ठणठणीत आहे, त्याने मात्र लस टाळायला कारण शोधू नये.