वजनाबद्दल आधी विचारा, मग सांगा

लठ्ठपणा हे शहरी, सुखवस्तू घरांचं दुखणं, हा समज आता सोडायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटात चारांपैकी जवळपास एकाचं वजन उंचीच्या मानानं जास्त निघालं. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात, बारामती-इंदापुरात, शेतात ट्रॅक्टर आला, दारात मोटारसायकल आली. अंगमेहनत घटली, ताट तेवढंच राहिलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं जन्मतः किडकिडीत असली तरी त्यांच्या अंगात चरबी त्या मानानं जास्त असते. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्याकडे बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तरी सावध व्हायचं.

गुडघे धरून आलेल्या बाईला गोळ्या लिहून देता देता "वजन कमी करा" म्हणणं हा उपचार नव्हे. ते तिनं आजवर शंभरदा ऐकलेलं असतं. "मावशी, वजनाविषयी बोललं तर चालेल का?" असं विचारलं, तर ती सांगू लागते: रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी, म्हणून अर्धवट झोप, दिवसाला पाच चहा. कपाला दोन चमचे साखर धरली, तर दिवसाची पन्नास ग्रॅम, म्हणजे दोनशे कॅलरी. बोलणं इथून सुरू करता येतं.

बाकीचं काम डॉक्टरांचं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं, तेव्हा मोठा पट्टा हवाच. थायरॉइड तपासावं, घोरण्याविषयी विचारावं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधंही वजन वाढवतात; जुनी चिठ्ठी नीट वाचावी. ऐंशी किलोच्या माणसाचं चार किलो उतरलं, तरी साखर आणि बीपीला फरक पडतो, तेवढंच ठरवावं. नव्या साप्ताहिक इंजेक्शनांनी वजन उतरतं, पण ती बंद केली की बहुतेकांचं परत चढतं, हे आधीच सांगावं.

उतरलेलं वजन परत मिळवायला शरीरच भूक वाढवतं; त्यात माणसाचा आळस शोधू नये. पुढच्या खेपेला काटा वर गेला म्हणून डॉक्टर रागावले, तर तो यायचाच बंद होतो, आणि मग त्याच्या बीपी-शुगरवरही कुणाचं लक्ष राहत नाही.